मेळघाटातील पुनर्वसन आणि 'सज्ञान मुलगा' : निवाऱ्याच्या हक्कातील कुटुंबव्याख्येचा ऐतिहासिक मागोवा

प्रस्तावना :

मुलगा कर्ता झाला, त्याचे लग्न झाले आणि त्याने वेगळी चूल मांडली, म्हणजे वडिलांच्या घराच्या हक्काचे काय होते, हा प्रश्न वरकरणी घरगुती वाटतो. परंतु घर अथवा घराचा मोबदला शासनाकडून मिळावयाचा असेल, तेव्हा हाच प्रश्न प्रशासकीय स्वरूप धारण करतो. एका छपराखाली राहणारी माणसे एक कुटुंब की तीन, याचे उत्तर मग चुलीवरून नव्हे तर व्याख्येवरून ठरते. प्रस्तुत लेखात या व्याख्येचा प्रवास मेळघाटाच्या संदर्भात तपासण्याचा प्रयत्न केला आहे.

परतवाडा-धारणी मार्गावरील, सिपना नदीकाठचे सेमाडोह हे चिखलदरा तालुक्यातील गाव बहुतेकांना वनविभागाच्या पर्यटक संकुलामुळे ठाऊक असते. पर्यटकाच्या नजरेतून सुटणारी गोष्ट अशी की, या परिसरातील कोरकू माणसाच्या दृष्टीने गेल्या काही दशकांतील सर्वांत मोठा प्रश्न वाघाचा नसून गावाने उठावे की राहावे, हा आहे; आणि त्या प्रश्नाच्या पोटात 'आमच्या घरात कुटुंबे किती धरणार?' हा दुसरा प्रश्न दडलेला आहे.

कोरकू घर आणि वेगळे निघणे :

कोरकू वस्तीची पारंपरिक रचना सर्वपरिचित आहे. मधून रुंद रस्ता, दोन्ही बाजूंना एकमेकांस लागून घरांच्या समोरासमोर ओळी. वेगळा निघालेला मुलगा गाव सोडून जात नाही. ओळ लांबते, एवढेच. घर वेगळे झाले तरी शेतीची कामे, गुरे, सणवार यांत बापलेकांचे व्यवहार गुंतलेलेच राहतात. म्हणजे 'वेगळे निघणे' ही एका दिवसात घडणारी घटना नसून अनेक वर्षे चालणारी क्रिया आहे. यात आणखी एक भर 'लमझना' पद्धतीची. या पद्धतीत वर सासऱ्याच्या घरी राहून कष्ट करतो. असा तरुण बापाच्या घरात मोजावा की सासऱ्याच्या, याचे उत्तर समाजाकडे असते; सरकारी नमुन्यातील रकान्यात ते सहज बसत नाही.

हिंदू उत्तराधिकार कायदा १९५६ हा अनुसूचित जमातींना, केंद्र शासनाने तशी अधिसूचना काढल्याखेरीज, लागू होत नाही. त्यामुळे वाटणीचा विचार रूढीनेच होत आला. वऱ्हाड १८५३ मध्ये ब्रिटिशांच्या ताब्यात आल्यानंतर १८६० च्या दशकात मेळघाटातील जंगल राखीव होऊ लागले, आणि जंगलकामाला मजूर हवेत म्हणून वसलेल्या वनग्रामांत घर व शेत वनखात्याच्या परवानगीवर अवलंबून राहिले. तेथे वाढत्या कुटुंबाचा प्रश्न हक्काचा नव्हता, मेहेरबानीचा होता. हा वारसा लक्षात न घेता पुढील काळातील संघर्ष समजणार नाही.

नर्मदा निवाडा : एक निर्णायक वळण

'सज्ञान मुलगा म्हणजे स्वतंत्र कुटुंब' हे सूत्र मेळघाटात जन्मले नाही. ते ठळकपणे पुढे आले नर्मदा जलविवाद लवादाच्या १९७९ च्या अंतिम निवाड्यात. पती, पत्नी, अज्ञान मुले व कुटुंबप्रमुखावर अवलंबून असलेल्या व्यक्ती, उदाहरणार्थ विधवा आई, मिळून कुटुंब. मात्र प्रत्येक सज्ञान मुलगा स्वतंत्र कुटुंब मानावा, असे त्यात नमूद आहे. पंचवीस टक्क्यांहून अधिक जमीन गमावणाऱ्या कुटुंबास किमान दोन हेक्टर जमीन, हेही त्याच निवाड्यातले. सरदार सरोवरामुळे महाराष्ट्रातील अक्कलकुवा व अक्राणी (धडगाव) तालुक्यांतील ३३ गावे बाधित झाली, तेव्हा या ओळीचा अर्थ काय, यावर दीर्घ वाद झाला. स्वतंत्र कुटुंब मानायचे, पण जमीन पूर्ण द्यायची की नाही? सर्वोच्च न्यायालयाने १५ मार्च २००५ च्या निकालात जमीनधारक विस्थापितांच्या सज्ञान मुलांचा स्वतंत्र जमिनीवरील हक्क मान्य केला. निवाडा आणि हा निकाल यांत पंचवीस वर्षांहून अधिक अंतर आहे. त्या काळात निवाड्याच्या वेळचे सज्ञान मुलगे स्वतः सज्ञान मुलांचे बाप झाले असणार. सज्ञान मुलगी मात्र या सूत्रात कोठेच नव्हती.

व्याघ्र प्रकल्प आणि दहा लाखांचे गणित :

मेळघाट व्याघ्र प्रकल्प १९७४ मध्ये घोषित झाला. देशातील पहिल्या नऊ प्रकल्पांपैकी तो एक. नव्या शतकाच्या आरंभी कोहा, कुंड आणि बोरी ही गावे अकोला जिल्ह्यातील अकोट परिसरात हलविण्यात आली. त्या काळी केंद्राचे अर्थसाहाय्य कुटुंबामागे एक लाख रुपये होते. २००६ मध्ये वन्यजीव (संरक्षण) कायद्यात दुरुस्ती होऊन पुनर्वसन ऐच्छिक व परस्परसंमत अटींवरच व्हावे, असे ठरले. त्याच वर्षीच्या वनहक्क कायद्याने ग्रामसभेची संमती आवश्यक केली. २००८ मध्ये राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरणाने साहाय्य कुटुंबामागे दहा लाखांवर नेले, आणि २०२१ मध्ये ते पंधरा लाख झाले.

२००८ च्या मार्गदर्शक सूचनांत दोन पर्याय होते. पहिला, संपूर्ण रक्कम रोख. दुसरा, वनविभागाकडून पुनर्वसन. दुसऱ्या पर्यायातील दहा लाखांची विभागणी पाहण्यासारखी आहे : दोन हेक्टर शेतजमीन मिळविणे व विकसित करणे यासाठी ३५ टक्के, हक्कांच्या निपटाऱ्यासाठी ३० टक्के, घरजागा व घरबांधणीसाठी २० टक्के, प्रोत्साहनपर ५ टक्के आणि सामुदायिक सुविधांसाठी १० टक्के. म्हणजे साडेतीन लाखांत दोन हेक्टर शेती आणि दोन लाखांत जागेसह घर. अकोट-तेल्हाऱ्याच्या काळ्या, कपाशीच्या जमिनीचा भाव ज्यांना ठाऊक आहे, त्यांना या पहिल्या आकड्यावर भाष्य करण्याची गरज नाही. अनेक कुटुंबे रोख रकमेकडे का वळली, याचे एक कारण येथेच सापडते.

आता कुटुंबाचा प्रश्न. या सूचनांनुसार अठरा वर्षांवरील मुलगा, विवाहित असो वा अविवाहित, स्वतंत्र कुटुंब ठरतो. अठरा वर्षांवरील अविवाहित मुलगी वा बहीण, विधवा, घटस्फोटित स्त्री, अपंग व्यक्ती आणि आईवडील नसलेले अज्ञान मूल यांनाही स्वतंत्र धरले जाते. नर्मदा निवाड्याच्या तुलनेत ही निश्चितच प्रगती होय. पण हिशेब करून पाहावा. आईवडील, दोन सज्ञान मुलगे व एक सज्ञान अविवाहित मुलगी असलेल्या घराला चार कुटुंबांचे चाळीस लाख मिळतात. त्याच मुलीचे लग्न गणनेच्या तारखेआधी झाले असल्यास तीस. मुलगा लग्न करून वेगळा निघाला तरी त्याचा वाटा कायम. मुलगी लग्न करून निघाली, की माहेरच्या यादीतून नाव गेले. तिचे सासर प्रकल्पाबाहेरच्या गावात असेल, तर तिचा हिस्सा कोठेच उमटत नाही. २०१३ च्या भूसंपादन कायद्याने स्त्री असो वा पुरुष, प्रत्येक प्रौढ व्यक्ती स्वतंत्र कुटुंब मानली. ही भाषा पाच वर्षांपूर्वीच्या सूचनांहून स्पष्ट आहे.

तारखेचा जाच :

या साऱ्यात सर्वांत निष्ठुर ठरते ती गणनेची तारीख. त्या दिवशी सतरा वर्षे अकरा महिन्यांचा मुलगा बापाच्या पोटात मोजला जातो. प्रत्यक्ष गाव उठेपर्यंत चार पावसाळे गेले, मुलाचे लग्न झाले, मूल झाले, तरी कागदावर तो अज्ञानच. शिवाय वयाचा पुरावा कोणता? ग्रामीण महाराष्ट्रात १ जून ही जन्मतारीख असलेली माणसे जागोजाग भेटतात. शाळेत नाव घालताना गुरुजींनी अंदाजाने टाकलेली ती तारीख असते. अशा एका अंदाजावर दहा लाखांचा हक्क टिकतो किंवा जातो.

घरकुल योजनांतही हीच अडचण वेगळ्या रूपात दिसते. २०१६ पासूनच्या पंतप्रधान आवास योजनेच्या (ग्रामीण) पहिल्या याद्या २०११ च्या सामाजिक-आर्थिक व जातनिहाय गणनेवर आधारलेल्या होत्या. २०११ मध्ये बापाच्या घरात नोंदला गेलेला आणि नंतर वेगळा निघालेला मुलगा त्या यादीत स्वतंत्रपणे असण्याचा प्रश्नच नव्हता. पुढे 'आवास प्लस' सर्वेक्षण करावे लागले, ते सुटलेल्या कुटुंबांसाठीच.

ब्रिटनमधील घरभाडे साहाय्याशी तुलना केल्यास चित्र नेमके उलट दिसते. तेथे कमावता प्रौढ मुलगा घरात राहिला, तर तो भाड्यास हातभार लावील असे गृहीत धरून पालकांचे साहाय्य कमी होते. तो निघून गेला, तर ही कपात थांबते. पण एप्रिल २०१३ पासून सामाजिक घरांतील कामकरी वयाच्या भाडेकरूंना, त्याची खोली रिकामी राहिली म्हणून, एका जादा खोलीस १४ टक्के व दोन किंवा अधिक खोल्यांस २५ टक्के कपात सोसावी लागते. तेथे प्रौढ मूल हा वजाबाकीचा विषय आहे, मेळघाटात बेरजेचा. दोन्हीकडे शासन घरातील माणसे मोजते. फरक इतकाच की, तेथील हिशेब परिस्थिती बदलली की पुन्हा होतो, आणि मेळघाटातला एकदाच.

एकदाच होणाऱ्या या मोजणीचे पडसाद जानेवारी २०१९ मध्ये उमटले. अकोट-तेल्हारा भागात पुनर्वसित झालेल्या गुल्लरघाट, केलपाणी आदी गावांतील लोक पुन्हा जंगलातील जुन्या जागी परतले आणि वनकर्मचारी व पोलिसांशी त्यांचा संघर्ष झाला. दोन्ही बाजूंचे लोक जखमी झाले. आश्वासने पाळली गेली नाहीत, जमीन मिळाली नाही, ही परतलेल्यांची मुख्य तक्रार होती. रोख रक्कम खर्च होते. ती घेतली तेव्हा दहा वर्षांचा असलेला मुलगा मात्र पुढे अठरा वर्षांचा होतोच. जुन्या गावात त्याच्यासाठी घरांची ओळ आणखी एका घराने वाढली असती. पुनर्वसित वसाहतीतील भूखंड मोजून आखलेले असतात.