चित्रकथापुस्तकांची निर्मिती

चौकटींत क्रमाने मांडलेली चित्रे व त्यांतच लिहिलेले संवाद यांच्याद्वारे कथा सांगणाऱ्या पुस्तिकेस चित्रकथापुस्तक किंवा कॉमिक पुस्तक म्हणतात. अशी पुस्तिका एकाच व्यक्तीची कलाकृती असू शकते. तथापि अमेरिकेत १९३० नंतरच्या दशकात तिला व्यवसायाचे स्वरूप आले आणि तिची निर्मिती अनेक हातांत विभागली गेली. या श्रमविभागणीतून एक संपन्न कारागिरी विकसित झाली. त्याबरोबरच कृतीचा कर्ता कोण व तिची मालकी कोणाची, हा दीर्घकाळ चाललेला वादही उद्‌भवला.

पार्श्वभूमी : वृत्तपत्रांतील हास्यचित्रमालिकांचे पुनर्मुद्रण करून अमेरिकेत १९३३–३४ मध्ये आरंभीच्या पुस्तिका निघाल्या. फेमस फनीज (१९३४) ही त्यांपैकी विशेष उल्लेखनीय होय. माल्कम व्हीलर-निकल्सन यांनी न्यू फन (१९३५) या नियतकालिकात खास काढून घेतलेल्या नव्या चित्रकथा छापल्या. जेरी सीगल (१९१४–९६) व जो शूस्टर (१९१४–९२) यांनी निर्मिलेला सुपरमॅन हा नायक ॲक्शन कॉमिक्सच्या जून १९३८ च्या पहिल्या अंकात अवतरला. दहा सेंट किंमतीच्या या नियतकालिकाच्या यशामुळे चित्रकथांची मागणी झपाट्याने वाढली. प्रकाशकांना तयार पाने पुरविणाऱ्या चित्रशाळा न्यूयॉर्क येथे उभ्या राहिल्या. विल आयस्नर (१९१७–२००५) व जेरी आयगर यांची १९३६ मध्ये सुरू झालेली चित्रशाळा ही आरंभीच्या चित्रशाळांपैकी एक होय. तेथे एकच पान निरनिराळ्या कारागिरांच्या हातून क्रमाक्रमाने पूर्ण होई.

निर्मितिप्रक्रिया : प्रथम लेखक संहिता तयार करी. तीत प्रत्येक पानावरील चौकटी, त्यांतील प्रसंग व संवाद नमूद केलेले असत. चित्रकार त्यावरून जाड, गुळगुळीत पुठ्ठ्यावर पेन्सिलीने रेखांकन करी. प्रसंगाचा कोणता क्षण चितारावयाचा, कोणता दोन चौकटींमधील रिकाम्या जागेत वाचकाच्या कल्पनेवर सोपवावयाचा आणि वाचकाची दृष्टी पानावरून कशी न्यावयाची, हे निर्णय मुख्यतः त्याचेच असत. मूळ चित्र प्रारंभी छापील पानाच्या जवळजवळ दुप्पट, तर सु. १९६७ पासून दीडपट आकाराचे काढीत. ते लहान करून छापल्याने रेषांतील बारीक दोष झाकले जात.

यानंतर अक्षरलेखक संवादांचे फुगे व त्यांतील मजकूर हाताने लिही आणि मग शाईकाम करणारा कलावंत पेन्सिलीच्या रेषा टाक वा कुंचल्याने गडद करी. हे काम केवळ गिरविण्याचे नसे. रेषेची जाडी, छायेचे वजन व पोत त्याच्या हातावर अवलंबून असत. एकाच रेखांकनाला दोघांनी शाई दिल्यास दोन भिन्न चित्रे वाटावीत, इतका फरक पडे. रंगयोजनाकार छायाप्रतीवर रंग भरून प्रत्येक भागापाशी त्याचा सांकेतिक क्रमांक लिही. पिवळा, तांबडा व निळा या तीन रंगांच्या प्रत्येकी तीन घनता वापरून, कागदाच्या पांढऱ्यासह, एकूण ६४ रंगमेळ साधत. या संकेतांवरून कनेक्टिकट राज्यातील ब्रिजपोर्ट येथे बहुतांशी स्त्री-कामगार रंगांचे पृथक्करण हाताने करीत. बहुसंख्य अंकांची छपाई इलिनॉय राज्यातील स्पार्टा येथे स्वस्त वृत्तपत्री कागदावर होई.

मार्व्हल या प्रकाशनसंस्थेत १९६० नंतर वेगळी पद्धत रूढ झाली. संपादक-लेखक स्टॅन ली (१९२२–२०१८) चित्रकाराला केवळ कथानकाची रूपरेषा देत; जॅक कर्बी (१९१७–९४) व स्टीव्ह डिट्को (१९२७–२०१८) यांच्यासारखे चित्रकार तीवरून संपूर्ण कथा चितारीत आणि त्यानंतर संवाद लिहिले जात. येथे चित्रकार कथेचाही सहकर्ता ठरतो. साहजिकच श्रेयाचा प्रश्न अधिक तीव्र झाला.

श्रेय व मालकी : मानधन पानागणिक मिळे आणि हक्क प्रकाशकाकडे जात. सीगल व शूस्टर यांनी सुपरमॅनची पहिली १३ पानी कथा सर्व हक्कांसह १३० डॉलरना विकली. पुढे दीर्घकाळ हलाखीत काढल्यावर व सार्वजनिक टीकेनंतर १९७५ मध्ये त्यांना वार्षिक निवृत्तिवेतन मंजूर झाले व त्यांची नावे पुन्हा छापली जाऊ लागली. डोनल्ड डकच्या उत्कृष्ट कथा रचणारे कार्ल बार्क्स (१९०१–२०००) यांचे नाव अंकांवर नसल्याने अनेक वर्षे वाचकांना अज्ञात होते. मूळ चित्रे परत मिळावीत यासाठी कर्बी यांना झगडावे लागले. त्यांतील काही पाने त्यांना १९८७ मध्ये मिळाली. त्यांच्या वारसांचा मालकीचा दावा २०१४ मध्ये तडजोडीने मिटला. याउलट आयस्नर यांनी द स्पिरिट (१९४०) या मालिकेचे हक्क स्वतःकडे राखले होते. चित्रकारांनी १९९२ मध्ये स्थापन केलेल्या इमेज कॉमिक्सने हक्क निर्मात्याकडेच राहण्याचे तत्त्व स्वीकारले. याच दशकात अक्षरलेखन व रंगयोजना संगणकावर होऊ लागली आणि हाताने पृथक्करण करण्याचे काम लोप पावले.

भारत : इंद्रजाल कॉमिक्स (१९६४–९०) या मुंबईहून निघणाऱ्या मालिकेमुळे अमेरिकन चित्रकथांतील फँटम हा नायक ‘वेताळ’ या नावाने मराठी वाचकांच्या परिचयाचा झाला. अनंत पै (१९२९–२०११) यांनी १९६७ मध्ये आरंभिलेल्या अमर चित्र कथा या मालिकेतही संहिता, चित्रे व संपादन ही कामे विभागलेली होती. संपादक या नात्याने पै यांचे नाव घरोघरी पोहोचले. राम वाईरकर व प्रताप मुळीक यांच्या रेषांनी पौराणिक व ऐतिहासिक व्यक्तींची रूपे अनेक पिढ्यांच्या मनांवर ठसविली, तरी त्यांची नावे त्या मानाने थोड्यांनाच परिचित आहेत.