वाहनचालक क्षमता चाचणी (शहापूर व मुरबाड तालुके)

'''वाहनचालक क्षमता चाचणी''' ही मोटार वाहन चालविण्याची कायम अनुज्ञप्ती मिळण्यापूर्वी द्यावी लागणारी प्रात्यक्षिक परीक्षा होय. बोलीभाषेत तिला 'पक्क्या लायसनची ट्रायल' म्हणतात. मोटार वाहन अधिनियम, १९८८ मधील कलम ९ आणि केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम १५ हे तिचे कायदेशीर आधार आहेत. ठाणे जिल्ह्यातील शहापूर व मुरबाड या ग्रामीण तालुक्यांत घाटरस्ते आणि रेल्वेपासून दूर असलेली गावे यांमुळे या चाचणीच्या तयारीला विशेष महत्त्व आहे.

== भौगोलिक पार्श्वभूमी ==
शहापूर मुंबई–नाशिक महामार्गालगत वसले असून हा महामार्ग पुढे कसारा घाट चढतो. मुरबाडमधून कल्याण–अहिल्यानगर मार्ग जातो व तो माळशेज घाटातून सह्याद्री ओलांडतो. शहापूर तालुक्याला आसनगाव, खर्डी, कसारा अशी रेल्वे स्थानके आहेत. मुरबाड शहराला मात्र कल्याणपर्यंतचा सुमारे ३० किलोमीटरचा प्रवास रस्त्यानेच करावा लागतो. डोळखांब, किन्हवली, टोकावडे, धसई या परिसरातील रहिवाशांना बाजार, दवाखाना व नोकरीसाठी दुचाकीचा मोठा आधार असतो.

ठाणे जिल्ह्यात ठाणे (एमएच-०४), कल्याण (एमएच-०५) व नवी मुंबई (एमएच-४३) हे वाहन नोंदणीचे संकेतांक प्रचलित आहेत. २०१९ च्या दुरुस्तीनंतर अर्जदाराला आपल्या राज्यातील कोणत्याही अनुज्ञप्ती प्राधिकाऱ्याकडे अर्ज करण्याची मुभा आहे.

== पात्रता व शिकाऊ अनुज्ञप्ती ==
वाहन चालविण्यासाठी वयाची १८ वर्षे पूर्ण असावी लागतात. ५० घनसेंटिमीटरपर्यंतच्या इंजिनाची दुचाकी १६ व्या वर्षानंतर चालविता येते, तर व्यावसायिक परिवहन वाहनासाठी किमान वय २० वर्षे आहे. महाराष्ट्रात २०२१ पासून आधार क्रमांकाच्या साहाय्याने 'सारथी' या संकेतस्थळावर घरबसल्या शिकाऊ अनुज्ञप्तीची परीक्षा देता येते. ही परीक्षा मराठीतही उपलब्ध आहे.

शिकाऊ अनुज्ञप्ती सहा महिने वैध असते आणि ती मिळाल्यापासून किमान ३० दिवस उलटल्याशिवाय क्षमता चाचणी देता येत नाही. या काळात वाहनाच्या पुढे व मागे पांढऱ्या पार्श्वभूमीवर लाल 'एल' हे चिन्ह लावावे लागते. चारचाकी शिकताना शेजारी अनुज्ञप्तीधारक प्रशिक्षक असणे बंधनकारक आहे. शिकाऊ दुचाकीस्वाराला अशा प्रशिक्षकाखेरीज अन्य कोणालाही मागे बसविता येत नाही.

== चाचणीचे स्वरूप ==
चाचणी मोटार वाहन निरीक्षक घेतात. ज्या वर्गाच्या वाहनासाठी अर्ज केला असेल त्याच वर्गाचे वाहन चाचणीसाठी आणावे लागते. त्यामुळे विनागिअर स्कूटरवर चाचणी देणाऱ्याला गिअरच्या मोटारसायकलची अनुज्ञप्ती मिळत नाही. शिकाऊ अनुज्ञप्तीबरोबरच वाहनाची नोंदणी, विमा व प्रदूषण नियंत्रण प्रमाणपत्र वैध असणे आवश्यक असते.

दुचाकीसाठी सामान्यतः इंग्रजी आठच्या आकाराच्या मार्गावर, तर चारचाकीसाठी 'एच' आकाराच्या मार्गावर पुढे-मागे वाहन चालविण्यास सांगितले जाते. पुण्याजवळ भोसरी येथे संवेदकांच्या साहाय्याने परीक्षण करणारी स्वयंचलित मार्गिका आहे. मार्गिका कोणतीही असली, तरी नियम १५ मध्ये पुढील कौशल्यांचा समावेश आहे:

* आरसा जुळविणे व इंजिन सुरू करण्यापूर्वीची खबरदारी;
* गिअर क्रमाने वाढविणे व उतारावर तत्परतेने खालच्या गिअरमध्ये येणे;
* चढावर थांबून वाहन मागे न घसरता पुन्हा पुढे नेणे;
* मागे घेत अरुंद जागेत वळविणे;
* हाताने व दिव्यांनी योग्य इशारे देणे;
* वाहन डाव्या बाजूने चालविणे व वेगावर नियंत्रण ठेवणे.

== तयारी ==
आठच्या मार्गावर पाय जमिनीला टेकणे ही दुचाकीस्वाराची नेहमीची चूक होय. कमी वेगात तोल राखण्यासाठी नजर पुढच्या चाकावर न ठेवता वळणाच्या पुढच्या टोकाकडे ठेवणे, क्लच अर्धवट दाबून वेग स्थिर राखणे आणि मागील ब्रेकचा हलका वापर करणे हे उपाय उपयुक्त ठरतात. चारचाकीत इंजिन बंद पडणे व मागे घेताना खांबाला स्पर्श होणे या चुका अधिक आढळतात. त्यांसाठी मोकळ्या मैदानात केवळ क्लचच्या नियंत्रणावर गाडी हळू चालविण्याचा सराव केला जातो.

चढावरील सरावात हातब्रेक ओढून क्लच सावकाश सोडला जातो आणि इंजिनाचा जोर जाणवू लागताच ब्रेक सोडला जातो. सपाट मैदानावरील चाचणीत या कौशल्याचा कस लागतोच असे नाही. परंतु माळशेज वा कसारा घाटात त्यावाचून निभाव लागत नाही. उतारावर गाडी न्यूट्रल ठेवल्यास इंजिनाचा रोध नाहीसा होऊन सारा भार ब्रेकवर पडतो व ब्रेक तापून निकामी होण्याचा धोका वाढतो. अरुंद घाटरस्त्यावर चढणाऱ्या वाहनाला प्रथम वाट देण्याचा नियम आहे. पावसाळ्यात माळशेज घाटात दाट धुके व दरडींचाही धोका असतो.

== अनुत्तीर्ण झाल्यास ==
अनुत्तीर्ण उमेदवाराला सात दिवसांनंतर पुन्हा चाचणी देता येते व तिचे शुल्क नव्याने भरावे लागते. तीन प्रयत्नांत यश न आल्यास शेवटच्या चाचणीपासून ६० दिवस थांबावे लागते. दूरच्या पाड्यावरून येणाऱ्या मजुराच्या दृष्टीने प्रत्येक अपयश म्हणजे प्रवासखर्च आणि बुडालेला रोजगार होय. त्यामुळे ३० दिवस पूर्ण होताच घाईने चाचणी देण्यापेक्षा पुरेसा सराव करून जाणे अधिक हिताचे ठरते.

== अनुज्ञप्तीचे महत्त्व ==
अनुज्ञप्तीविना वाहन चालविल्यास २०१९ च्या दुरुस्तीनुसार ५,००० रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. अल्पवयीन मुलाने वाहन चालवून गुन्हा केल्यास पालक वा वाहनमालकाला २५,००० रुपये दंड व तीन वर्षांपर्यंत कारावासाची तरतूद आहे. सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२४ मध्ये दिलेल्या निर्णयानुसार हलक्या मोटार वाहनाच्या अनुज्ञप्तीवर ७,५०० किलोग्रॅमपेक्षा कमी एकूण वजनाचे परिवहन वाहनही चालविता येते. भाजीपाला व दूध वाहून नेणाऱ्या छोट्या टेम्पोंच्या चालकांच्या उपजीविकेशी या निर्णयाचा थेट संबंध आहे.