२८ रुपयांची मालकी

सांगलीत माझी व्हिडिओ लायब्ररी होती. कॅसेटच्या जमान्यातली. व्हीसीआर आणि तीन कॅसेटी रात्रभरासाठी भाड्याने न्यायच्या, अख्ख्या वाड्याने जागून बघायच्या. पिक्चर विकत घ्यायचा असतो, हे गिऱ्हाइकाच्या डोक्यातच नव्हते.

पुढे कॅसेटची जागा व्हीसीडीने, म्हणजे व्हिडिओ सीडीने घेतली. तिचे मानक फिलिप्स, सोनी वगैरेंनी १९९३ मध्ये ठरवले. अमेरिकेने तिला फारसे विचारले नाही, आशियाने डोक्यावर घेतले. आमच्याकडे ती त्या दशकाच्या अखेरीस स्वस्त चिनी प्लेअरबरोबर आली. एका डिस्कवर ७४ मिनिटे मावत, म्हणून पिक्चरला दोन डिस्क, लांबलचक असला तर तीन. काउंटरवर पहिला प्रश्न ठरलेला : ‘ओरिजिनल आहे ना? हॉल प्रिंट नको.’ हॉल प्रिंट म्हणजे थिएटरात चोरून टिपलेली; तिच्यात कुणाचे तरी डोके हिरोच्या तोंडावरून चालत जायचे.

परत आलेली डिस्क मी ट्यूबलाइटखाली तिरपी धरून बघायचो. सुती फडक्याने मधून कडेकडे सरळ पुसायची. गोल पुसली आणि ओरखडा उठला, तर तो लेसरच्या वाटेनेच पळतो आणि पिक्चर अडकतो. आडवा ओरखडा लेसर बहुधा ओलांडून जातो. टूथपेस्ट चोळणारेही होते. त्यांना मी दुसऱ्यांदा डिस्क देत नसे.

धंदा बसला तो मोझर बेअरमुळे. रिकाम्या सीडी बनवणारी ही कंपनी २००७च्या सुमारास सिनेमे विकू लागली : व्हीसीडी २८ रुपये, डीव्हीडी ३४. दोन-तीन दिवसांच्या भाड्यात पिक्चर कायमचा घरी! मध्यमवर्गाच्या टीव्हीखालच्या कपाटात सिनेमे साठू लागले ते तेव्हा. मला राग यायला हवा होता, पण मीच पिशवी भरून व्हीसीडी आणल्या.

ही चंगळ दहा वर्षेही टिकली नाही. आधी पेनड्राइव्ह आला, २०१६ मध्ये नेटफ्लिक्स आणि जिओ. कर्जात बुडालेली मोझर बेअर २०१८ मध्ये अवसायनात गेली. आता ऑनलाइन ‘खरेदी’ केलेला पिक्चर बहुतेकदा नुसता परवाना असतो, तो काढूनही घेता येतो. तसे ग्राहकाला स्पष्ट सांगा, असा कायदा कॅलिफोर्नियाने २०२४ मध्ये केला. माझ्या धंद्यातला माणूस हे लगेच ओळखतो : ही लायब्ररीच की! फक्त मी कधी कुणाच्या घरात शिरून कॅसेट उचलून आणली नाही.

पण म्हणून डिस्कची आरतीही ओवाळायला नको. ३५२ बाय २८८ ठिपक्यांचे ते चित्र आजच्या टीव्हीवर बघवत नाही. तरी मी माझ्या व्हीसीडी हार्डडिस्कवर उतरवल्या. डीव्हीडीला असते तसे कुलूप त्यांना नसतेच. ‘एमपीईजीएव्ही’ फोल्डर उघडायचे, आतली डॅट फाइल कॉपी करायची, नावाच्या शेपटाला डॅटऐवजी एमपीजी लावायचे. हार्डडिस्कही कधीतरी मरतेच, म्हणून एक प्रत पुण्याला मुलीकडे.

जावई म्हणतात, यूट्यूबवर सगळे आहे. बरेचसे आहेही. पण काही जुन्या तमाशापटांचे नाव टाकले की नुसती गाणी येतात, पिक्चर येत नाही. मग रात्री त्यांचाच फोन येतो, ‘बाबा, ती फाइल कुठल्या फोल्डरात आहे?’