पदपथ आणि जगण्याचा हक्क

मुंबईच्या सामाजिक इतिहासात १३ जुलै १९८१ हा दिवस विसरता येण्याजोगा नाही. त्या दिवशी महाराष्ट्राचे तत्कालीन मुख्यमंत्री अ. र. अंतुले यांनी शहरातील पदपथवासीयांना हटवून त्यांच्या मूळ गावी किंवा शहराबाहेर धाडण्याचा निर्णय जाहीर केला. ऐन पावसाळ्यात मोहीम सुरू झाली.

या मोहिमेविरुद्ध पत्रकार ओल्गा टेलिस यांच्याप्रमाणेच काही पदपथवासीही न्यायालयात गेले. त्यांतील एक जण तमिळनाडूतील सेलमचा भूमिहीन मजूर. दुष्काळामुळे १९६१ मध्ये मुंबईस आलेला हा मजूर दहिसरच्या रासायनिक कारखान्यात रोजी २३ रुपये मिळवीत असे. २३ जुलैला त्याची झोपडी पाडून त्याला कुटुंबासह बसने सेलमला पाठविण्यात आले. बायको-मुली तेथेच राहिल्या. तो मात्र कामाच्या शोधात परतला आणि पुन्हा पदपथाच्याच आश्रयास आला. दुसरा संगमनेरचा, चांभारकाम करणारा. गावचे घर पडल्यावर १९६९ मध्ये तो मुंबईत येऊन बदली कामगार झाला. तुळशीवाडीच्या पदपथावरील जागेसाठी त्याला स्थानिक गुंडास ३०० रुपये द्यावे लागले होते. जयवंत दळवी यांच्या ‘चक्र’ने (१९६३) झोपडपट्टीचे जग मराठी कादंबरीत आणले होतेच, न्यायालयाच्या कागदांत अशा जगण्याचा हिशेब रुपयांत नोंदला गेला. पदपथही फुकट मिळत नाही, हे त्यातून उघड झाले.

महापालिकेचा आधार होता १८८८ च्या मुंबई महापालिका अधिनियमातील कलम ३१४. त्यानुसार रस्त्यावरील अतिक्रमण आयुक्त पूर्वसूचनेविना हटवू शकत. १० जुलै १९८५ रोजी सरन्यायाधीश य. वि. चंद्रचूड यांच्या पाच सदस्यीय घटनापीठाने निर्णय दिला. उपजीविकेवाचून जीवन संभवत नाही. म्हणून उपजीविकेचा हक्क हा राज्यघटनेच्या अनुच्छेद २१ मधील जीविताच्या हक्कातच अंतर्भूत आहे, हे त्यातील चिरस्थायी तत्त्व. हे लोक स्वेच्छेने नव्हे, परिस्थितीच्या रेट्याने पदपथावर येतात, हेही न्यायालयाने मान्य केले. परंतु पदपथ पादचाऱ्यांचा. तेथे वस्ती करण्याचा हक्क कोणासही नाही, असा निर्वाळाही त्याच निर्णयात आहे. कलम वैध ठरले. पूर्वसूचना हा नियम आणि तिचा अभाव हा अपवाद, असे सांगूनही, याचिकाकर्त्यांचे म्हणणे न्यायालयातच ऐकले गेल्याने नव्या सुनावणीची गरज उरली नाही, असे ठरले. ३१ ऑक्टोबरपर्यंत, म्हणजे पावसाळा सरेपर्यंत, मुदत मिळाली. १९७६ च्या गणनेत ओळखपत्रे मिळालेल्यांना पर्यायी जागा देण्याचे निर्देश होते. मात्र इतरांना हटविण्यासाठी पर्यायी जागेची पूर्वअट घातली गेली नाही.

अशा रीतीने तत्त्व जिंकले आणि ते मागणारे हरले. पुढे या निर्णयाच्या आधारे अनेकांना न्याय मिळाला. पदपथवासीयाच्या पदरी पडली ती एका पावसाळ्याची सवलत. पादचाऱ्याचा हक्क क्षुल्लक नाही, हे खरेच. पण ज्या शहरास मजुराचे दिवसाचे श्रम हवे असतात, त्याने त्याच्या रात्रीची जबाबदारी झटकावी काय, या प्रश्नाला त्या निर्णयात उत्तर नव्हते. १९८५ मध्येच ‘स्पार्क’ या संस्थेने पदपथावरील सुमारे ६,००० कुटुंबांची पाहणी करून त्यांची गणती तरी मांडली. २०१० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मोठ्या शहरांत रात्रनिवारे उभारण्याचा आग्रह धरला, तेव्हा ‘येथे झोपू नका’ याबरोबरच ‘मग कोठे झोपावे’ हेही सांगण्याचे शासनाचे दायित्व अधोरेखित झाले. सेलमहून परतलेल्या मजुराने हाच प्रश्न १९८१ मध्ये विचारला होता.