‘परमिट रूम’ : एका पाटीमागचा दीडशे वर्षांचा इतिहास

१/ वाशिम, कारंजा, रिसोड यांसारख्या कोणत्याही गावात बसस्थानकाच्या आसपास फेरफटका मारला, की दोन पाट्या हमखास दिसतात. एक ‘वाइन शॉप’, दुसरी ‘परमिट रूम’. पहिल्या ठिकाणी वाइन थोडी आणि व्हिस्की-रम अधिक. दुसऱ्या ठिकाणी परमिट क्वचितच कोणी मागते. पाटी एक सांगते आणि आत वेगळेच चालते, हे कसे घडले? आजचा धागा त्याविषयी.

२/ युरोप-अमेरिकेतील अनेक शहरांत पेठेतला दारूविक्रेता आठवड्यातून एखादी संध्याकाळ राखून ठेवतो. त्या दिवशी नव्या वाइनचा किंवा बिअरचा घोटभर नमुना गिऱ्हाइकांना चाखायला मिळतो. महाराष्ट्रातल्या दुकानात हे शक्य नाही. येथे सीलबंद बाटली विकण्याचा परवाना वेगळा आणि जागेवर पेला भरून देण्याचा वेगळा. दुकानदाराला सील फोडता येत नाही. बाटली आणि पेला यांच्यात उभी राहिलेली ही भिंत व्यापाराने घातलेली नाही, ती राज्यसत्तेने घातली आहे.

३/ या भिंतीपूर्वीचे जग मोहाच्या झाडाखाली होते. चैत्राच्या सुमारास पहाटे मोहफुले गळतात आणि स्त्रिया-मुले ती वेचतात. वाळवलेली फुले अन्न म्हणून खाल्ली जात, गुरांनाही घातली जात आणि आंबवून त्यांची दारूही गाळली जाई. देवकार्यात, लग्नात, मर्तिकात तिला स्थान होते. वऱ्हाडात दारू गाळणे व विकणे हा कलाल समाजाचा परंपरागत धंदा. गाळणारा, विकणारा आणि चाखणारा हे सारे एकाच पंचक्रोशीतले असत.

४/ इंग्रजी अंमलात हे चित्र पालटले. १८५३ च्या तहाने निजामाने वऱ्हाड कंपनीच्या कारभाराखाली दिले. दारूवरील कर, म्हणजे ‘अबकारी’, हे सरकारी उत्पन्नाचे मोठे साधन ठरले. दुकानांचे लिलाव होऊ लागले आणि मक्ते दिले जाऊ लागले. मुंबई इलाख्यात १८७८ च्या अबकारी कायद्याने दारू गाळणे आणि विकणे सरकारी परवान्याखाली आणले. पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली घरची भट्टी या कायद्याच्या नजरेत गुन्हा ठरली.

५/ पंचमहालातली मोहफुले आगगाडीने आणून उरणच्या मोठ्या भट्ट्यांत दारू गाळली जाई आणि ती मुंबईला पुरवली जाई. खेड्यातली स्वस्त दारू या मक्त्याच्या आड येत होती. म्हणून १८९२ चा ‘मोहरा कायदा’ आला आणि ठाणे-कुलाबा भागात मोहाची फुले गोळा करण्यावर व बाळगण्यावरच निर्बंध आले. सरकारची नजर दारूवरून झाडाच्या फुलापर्यंत पोहोचली होती.

६/ या इतिहासाला दुसरी बाजूही आहे आणि ती तितकीच खरी आहे. लिलावात मोठी रक्कम मोजलेला मक्तेदार दुकान वाढवणारच. १८८० मध्ये पुणे नगरपालिकेचे सदस्य असलेल्या जोतीराव फुले यांनी शहरातील वाढत्या दारूदुकानांना विरोध नोंदवला. १९०८ मध्ये टिळकांच्या पाठिंब्याने पुण्यात दारूच्या दुकानांसमोर निरोधन झाले. पेठेतले दारूचे दुकान हे परकीय सत्तेचे आणि गरिबाच्या घराच्या नासाडीचे प्रतीक बनले.

७/ वऱ्हाडात हाच विचार कीर्तनातून घरोघरी पोहोचला. १८७६ मध्ये अमरावती जिल्ह्यातील शेंडगाव येथे जन्मलेल्या गाडगेबाबांनी व्यसन, कर्ज आणि अस्वच्छता यांना एकत्र जोडले. १९३७ मध्ये प्रांतिक सत्ता हाती आल्यावर काँग्रेसने दारूबंदीचा प्रयोग आरंभला. मध्य प्रांत व वऱ्हाडासाठी १९३८ मध्ये दारूबंदी कायदा झाला. मुंबई शहरात १ ऑगस्ट १९३९ पासून दारूबंदी सुरू झाली. आरोग्य व अबकारी खाते सांभाळणारे डॉ. गिल्डर हे तिचे सूत्रधार होते.

८/ स्वातंत्र्यानंतर मुंबई राज्याने १९४९ चा दारूबंदी अधिनियम केला. १९५० पासून राज्यात संपूर्ण दारूबंदी लागू झाली. ‘परमिट’ या शब्दाचा उगम येथे आहे. या कायद्याने दारू बाळगणे व पिणे हा मुळात गुन्हा मानला आणि मग अपवाद ठरवले. प्रकृतीच्या कारणास्तव दारू आवश्यक असलेली व्यक्ती, परदेशी नागरिक अशांना परमिट मिळू शके. मद्यपान हा नागरिकाचा हक्क राहिला नाही, कागदावर मिळणारी सवलत झाला.

९/ या कायद्याला आव्हानही मिळाले. एफ. एन. बलसारा यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २५ मे १९५१ रोजी निकाल दिला. अल्कोहोलयुक्त औषधे व प्रसाधने यांच्यावर बंधने घालणाऱ्या काही तरतुदी न्यायालयाने रद्द केल्या, पण कायद्याचा मुख्य भाग कायम ठेवला. पुढे ‘विदेशी मद्या’च्या विक्रीसाठी १९५३ चे नियम आले. बाटली विकणारे दुकान आणि परमिटधारकाला बसून पिता येईल अशी खोली यांचे वेगवेगळे परवाने याच नियमावलीत आहेत. ‘परमिट रूम’ ही पाटी म्हणजे त्या परवान्याचेच बोलीतले नाव.

१०/ विदर्भ १ नोव्हेंबर १९५६ रोजी द्विभाषिक मुंबई राज्यात आला. पाठोपाठ १९५९ च्या सुधारणेने मुंबईचा दारूबंदी कायदा विदर्भालाही लागू झाला. त्या वेळी वाशिम हा अकोला जिल्ह्याचा भाग होता. आजचा जिल्हा १ जुलै १९९८ चा. मुंबई शहराच्या राजकारणात घडलेला ‘परमिट’ हा शब्द अशा रीतीने वऱ्हाडाच्या कापूस-ज्वारीच्या मुलखात येऊन स्थिरावला.

११/ संपूर्ण बंदी टिकली नाही. हातभट्ट्या व चोरटा व्यापार वाढला आणि महसूल बुडाला. १९६० च्या दशकाच्या मध्यात, वाशिमच्या शेजारच्या पुसदचे वसंतराव नाईक मुख्यमंत्री असताना, धोरण सैल झाले. १९७३ मध्ये देशी दारूचे नियम आले. मात्र मूळ कायदा गेला नाही. त्यामुळे आजही कागदोपत्री पिणाऱ्याला परमिट लागते. ते नाममात्र शुल्कात एका दिवसापुरतेही मिळते. बंदी उठली, पण तिचा शब्दसंग्रह मागे राहिला.

१२/ या शब्दसंग्रहातला सर्वांत फसवा शब्द ‘देशी’. परवानाधारक दुकानातली देशी दारू प्रामुख्याने साखर कारखान्यांच्या मळीपासून काढलेल्या अल्कोहोलची असते. भारतातच बनणाऱ्या व्हिस्की-रमला मात्र ‘विदेशी’ म्हणतात. जी खरोखर या मातीतली, त्या मोहाच्या दारूची गोष्ट मात्र वेगळीच. ती राहिली ‘हातभट्टी’, म्हणजे पोलिसांच्या छाप्याची बातमी.

१३/ चाखण्याचा हक्क परतला तो द्राक्षाच्या वाटेने. १९८० च्या दशकात नारायणगावला वाइननिर्मितीचा मोठा प्रयोग झाला. २००१ मध्ये राज्याने द्राक्ष प्रक्रिया धोरण जाहीर करून वाइनला सवलती दिल्या. २००५ मध्ये नाशिकजवळ सुला वाइनरीने टेस्टिंग रूम उघडली. तेथे पर्यटक पेला फिरवून वास घेतो, घोट जिभेवर खेळवतो आणि माहिती ऐकतो. त्याच राज्यात मोहाची चव जाणणारी आदिवासी स्त्री आपले कसब लपवून ठेवत होती.

१४/ म्हणून बंदीची मागणी करणाऱ्या स्त्रिया चूक होत्या, असे ठरत नाही. वर्धा जिल्ह्यात १९७० च्या दशकापासून आणि गडचिरोलीत १९९३ पासून दारूबंदी आहे. चंद्रपुरात ती २०१५ ला आली आणि २०२१ मध्ये उठली. २००८ च्या शासन आदेशानुसार गावाला वा प्रभागाला मतदानाने दुकान बंद करता येते. मतपत्रिकेवर दोनच चिन्हे : उभी बाटली आणि आडवी बाटली. ज्यांच्या घरातली मजुरी दुकानात जात होती, त्यांनीच अनेक गावांत बाटली आडवी केली.

१५/ २७ जानेवारी २०२२ रोजी मंत्रिमंडळाने मोठ्या किराणा दुकानांत व सुपरमार्केटमध्ये वाइन विकण्यास मान्यता दिली. समर्थकांनी द्राक्ष बागायतदाराचे हित सांगितले, तर विरोधकांनी घरादाराची काळजी. वाद इतका पेटला की निर्णय प्रत्यक्षात उतरलाच नाही. १८८० च्या पुण्यात विचारला गेलेला प्रश्न पुन्हा समोर होता : दारूचे दुकान वस्तीत कोठे असावे आणि ते ठरवण्याचा अधिकार कोणाचा?

१६/ २०२१ मध्ये राज्याने मोहफुले गोळा करणे, साठवणे व विकणे यांवरील बंधने सैल केली. म्हणजे फुलावरचा संशय जायला शतकाहून अधिक काळ लागला. पुढच्या वेळी ‘परमिट रूम’ची पाटी दिसली, तर ती जरा थांबून वाचावी. त्या दोन शब्दांत मक्तेदाराचा लिलाव आहे, गाडगेबाबांचे कीर्तन आहे आणि १९४९ चा कायदाही आहे. मोह वेचणारीचे नाव मात्र त्या पाटीवर कधीच आले नाही.