फोटोला बसण्यापूर्वी

यंदाच्या स्मरणिकेत ज्ञातीतील जुन्या कुटुंबांची छायाचित्रे छापावयाची असे कार्यकारी मंडळाने ठरविले व तशी विनंती सर्व सभासदांस पत्राने केली. त्या निमित्ताने आम्हीही माळ्यावरची पत्र्याची पेटी खाली काढली. पेटीत लग्नपत्रिका, जमिनीचे कागद व एक मोडकी अडकित्ता यांच्या खाली, जाड पुठ्ठ्यावर चिकटविलेला आमच्या घराण्याचा पहिला ग्रूप फोटो सापडला. तो १९३४ साली वाई येथे आमच्या जुन्या वाड्याच्या चौकात घेतलेला आहे. नुसता फोटो पाठवून देण्यापेक्षा, पूर्वी घरोघर फोटोला बसण्याची तयारी कशी होत असे, तेही ज्ञातिबंधुभगिनींस सांगावे असे वाटले. आम्ही काही संशोधक नव्हे. मॅट्रिकपर्यंत शिकलेले व मुलांस इतिहास-भूगोल सांगण्यात हयात घालविलेले शाळामास्तर आहोत. तरी जे वाचले व घरात ऐकले, ते येथे देत आहोत.

छायाचित्रणाची कला १८३९ साली फ्रान्समध्ये जगापुढे आली. मुंबईस ती फार लवकर पोचली. १८५४ साली तेथे फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली. डॉ. भाऊ दाजी लाड हे तिचे सभासद होते, आणि त्यांचे बंधू डॉ. नारायण दाजी तर स्वतः उत्तम फोटो घेत. पुढील वर्षी एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये या विद्येचा वर्ग निघाला. त्यात शिकलेल्या हरिश्चंद्र चिंतामण यांनी मुंबईत आपला व्यवसाय थाटला. म्हणजे आगगाडी सुरू होऊन दोनतीन वर्षे होत नाहीत तोच आपली माणसे हे काम शिकू लागली होती.

मात्र त्या काळी फोटोला बसणे म्हणजे एक शिक्षाच असे. काचेवर औषध ओतावयाचे, ती ओली असतानाच कॅमेऱ्यात घालावयाची आणि वाळण्यापूर्वीच धुऊन काढावयाची. तेवढ्यात माणूस हलला की सगळा खटाटोप फुकट. म्हणून बसणाऱ्याच्या मानेमागे, कोणास दिसणार नाही असा, लोखंडी टेकू लावीत. जुन्या फोटोतील आपले पूर्वज इतके गंभीर का, असे मुले विचारतात. त्याचे अर्धे कारण हा टेकू होय. उरलेले अर्धे असे की, मोठ्या माणसाने दात दाखविणे हे मुळातच शिष्टसंमत नव्हते!

१८७१ नंतर कोरड्या काचा निघाल्या व फोटोग्राफर औषधांच्या बाटल्यांतून मोकळा झाला. तेव्हापासून हा धंदा लहान गावांतही पसरला. दादासाहेब फाळके यांनीही चित्रपटाकडे वळण्याच्या पुष्कळ आधी गोध्रा येथे फोटोचा स्टुडिओ चालविला होता. खरी अडचण होती ती स्त्रियांची. परपुरुषासमोर चेहरा उघडा ठेवून बसावयाचे कसे? राजा दीनदयाळ यांनी हैदराबादेस १८९२ साली केवळ स्त्रियांसाठी वेगळा स्टुडिओ उघडला व तो एका युरोपियन बाईच्या हाती दिला. आमच्यासारख्या मध्यम स्थितीतील घरांना अशी सोय कोठून मिळणार? तेथे घरातील वडील माणसाच्या मर्जीवरच सारे अवलंबून असे. शिवाय फोटो काढल्याने आयुष्य कमी होते, तिघांनी एकत्र फोटो काढू नये, असे समज होतेच. दुसरा समज तर आमच्या सुनबाई आजही पाळतात आणि मोबाईलवर फोटो काढताना चौथ्या माणसास हाक मारतात.

१९३४ च्या त्या फोटोसाठी साताऱ्याहून फोटोग्राफर सर्व्हिस मोटारीने आला. आदल्या दिवशी न्हावी येऊन पुरुषांच्या दाढ्या करून गेला. परटाकडून कोट व उपरणी इस्त्री होऊन आली. पणजोबांची पगडी नव्याने नीट करून घेतली. बायकांनी शिकेकाईने न्हाऊन खोपे घातले. नथ व वाक्या घरच्या होत्या. धाकट्या काकूच्या गळ्यातील कोल्हापुरी साज मात्र शेजारच्या घरून एका दिवसापुरता आणलेला होता, हे आम्हास पुष्कळ वर्षांनी कळले. शाळेतून दोन खुर्च्या आणल्या. चौकाच्या भिंतीवर जाजम टांगले, पुढे सतरंजी अंथरली. ऊन अंगावर येण्यापूर्वी, सकाळी नऊच्या आत, सर्वांनी बसावे अशी फोटोग्राफरची आज्ञा होती.

या सर्व तयारीची सूत्रे आमच्या वडिलांच्या आत्याकडे होती. आम्ही त्यांस आत्याआजी म्हणत असू. त्या बाराव्या वर्षी विधवा होऊन माहेरी आल्या व १९७१ साली त्याच वाड्यात वारल्या. केशवपन झालेले व अंगावर लाल आलवण, असे त्यांचे त्या काळचे रूप असणार. आम्हास आठवतात त्या पांढऱ्या पातळातल्या. त्या दिवशी पहाटे उठून सहा मुलांना त्यांनी न्हाऊ घातले, मुलींच्या वेण्या घातल्या, मुलांच्या टोप्या सारख्या केल्या, जावांच्या निऱ्या ठीक केल्या आणि फोटोग्राफरला दूधपोहे दिले. फोटोत मात्र त्या नाहीत.

याचे घरात सांगितले जाणारे कारण असे की, त्या वेळच्या काचांवर लाल रंग काळा उमटत असे. हे खरे आहे. त्या काचांना निळा प्रकाश चटकन कळे, लाल मुळीच कळत नसे. म्हणून निळे लुगडे पांढुरके दिसे व लाल ते काळे. जुन्या फोटोत आपल्या आज्यांच्या कपाळी काळे कुंकू दिसते ते यामुळेच. सर्व रंग योग्य छटेत उमटविणाऱ्या फिल्मा तोवर निघाल्या होत्या, परंतु लहान गावांतील फोटोग्राफर जुन्याच काचा वापरीत. फोटोग्राफरने बसण्यापूर्वी सहज ही गोष्ट सांगितली, आणि पणजोबा आपल्या लेकीस म्हणाले, “तुझे आलवण काळे येईल. तू समोर उभी राहून मुलांना सांभाळ.”

आम्ही हा फोटो भिंग घेऊन पाहिला आहे. आमच्या आजीचा लग्नातील शालू लाल होता. तो फोटोत डांबरासारखा काळा आला आहे. धाकट्या काकूचे कुसुंबी लुगडेही काळेच. त्या दोघींस कोणी उठविले नाही. तेव्हा शालूचा काळा रंग चालला तर आलवणाचाच का चालला नाही, असा प्रश्न इतिहास शिकविणाऱ्यास पडल्यावाचून राहत नाही. पणजोबा कठोर नव्हते. मुलीच्या नावे त्यांनी जमिनीचा एक तुकडा करून ठेवला होता, हे आम्ही कागदावर पाहिले आहे. पण भिंतीवर लावावयाच्या मंगल चित्रात विधवा असावी, एवढे धैर्य त्यांना झाले नाही, आणि काचेचा दोष त्यांच्या मदतीस आला. आपल्या ज्ञातीतील किती घरांत असे झाले असेल! ज्यांच्याकडे जुने ग्रूप फोटो आहेत त्यांनी ते पाहावे आणि त्या साली घरात कोण कोण हयात होते, ते आठवून मोजावे.

आम्ही दहाबारा वर्षांचे असताना एकदा आत्याआजीस विचारले होते, “तुम्ही कुठे आहात यात?” त्या वाती वळीत बसल्या होत्या. म्हणाल्या, “अरे, मी होते की तिथेच. पोरं बघ कुणाकडे बघतायत ते.” मग थोड्या वेळाने म्हणाल्या, “फोटो मात्र छान आला हो.”

आणि खरोखरच, मोठी माणसे कॅमेऱ्याकडे पाहत आहेत व पुढे सतरंजीवर बसलेली सहाही मुले, त्यांत सात वर्षांचे आमचे वडीलही, किंचित उजवीकडे पाहत आहेत. तेथे त्या चुटक्या वाजवीत उभ्या होत्या. पुढे १९६५ च्या सुमारास वडिलांनी कर्जाऊ कॅमेरा आणून त्यांचा एक फोटो काढावयाचे ठरविले, तेव्हा त्यांनी हसून नकार दिला व आमच्या धाकट्या बहिणीस पुढे ढकलले. त्यांचा एकही फोटो आमच्यापाशी नाही.

हा फोटो आम्ही स्मरणिकेसाठी पाठविला आहे. नावे मागील बाजूस मऊ शिसपेन्सिलीने लिहिली आहेत. इतरांनीही शाई वापरू नये, ती पुठ्ठ्यातून पुढे उमटते. फोटोत चेहरे तेरा आहेत व आम्ही दिलेली नावे चौदा आहेत. छापताना संपादक महाशयांनी ही चूक समजून दुरुस्त करू नये, अशी नम्र विनंती आहे.