किरथरची पिपाणी

उल्हासनगर कॅम्प २ मधल्या जुन्या सिंधी घरांमध्ये मूळ गावं विचारली तर शिकारपूर, लारकाना, सख्खर, कराची अशी नावं येतात. गावांबरोबर नदी येते, डोंगर मात्र सहसा येत नाही. सिंधच्या पश्चिम कडेला किरथरचे कोरडे, दगडी डोंगर आहेत आणि तिथे ट्रम्पेटर फिंच नावाचा पक्षी राहतो.

चिमणीहून थोडा लहान, मातकट रंगाचा. विणीच्या दिवसांत नराच्या अंगावर गुलाबी छटा चढते आणि जाड चोच लालसर होते. आवाज थेट जत्रेतल्या पिपाणीसारखा! म्हणूनच १८५१ साली जर्मन अभ्यासक काबानिसने या प्रजातीला ‘बुकानेटीस’ म्हटलं, म्हणजे ग्रीकमध्ये तुतारी वाजवणारा. तिच्यातला दुसरा पक्षी, मंगोलियन फिंच, आपल्याकडे लडाखमध्ये दिसतो. ट्रम्पेटर फिंचचा मुलूख कॅनरी बेटांपासून वायव्य भारतापर्यंत पसरलेला आहे. खाणं म्हणजे सुकं बी, त्यामुळे पाणी प्यावंच लागतं. उजाड डोंगरात पाणवठा असेल तिथे हे थवे उतरतात.

आता इतिहास. इंग्रजांनी १८४३ मध्ये सिंध जिंकला आणि पुढे तो मुंबई इलाख्याला जोडला. १ एप्रिल १९३६ पर्यंत कराची आणि कल्याण एकाच इलाख्यात होते! पुढे काँग्रेसच्या स्थापनेत पुढाकार घेणारा ह्यूम १८७१-७२ च्या हिवाळ्यात सिंधमध्ये पक्षी शोधत फिरला आणि १८७३ मध्ये त्याने ‘स्ट्रे फेदर्स’ या आपल्या नियतकालिकात तिथल्या पक्ष्यांवर सविस्तर लिहिलं. १९२२ ते १९२४ दरम्यान टाइसहर्स्टची ‘सिंधचे पक्षी’ ही लेखमाला ‘आयबिस’मध्ये आली.

मग फाळणी झाली. सिंधमधून निघालेली माणसं कल्याणजवळच्या लष्करी छावणीच्या बराकींत उतरली. ८ ऑगस्ट १९४९ ला राजगोपालाचारींनी तिथल्या नव्या वसाहतीची कोनशिला बसवली आणि उल्हासनगर जन्मलं. कॅम्पचे आकडे मात्र आजही पत्त्यात राहिले आहेत.

पक्षी हिवाळ्यात आजही राजस्थान-कच्छच्या बाजूला येतो. आजोबांच्या गावी जायला नातवाला व्हिसा लागतो, आणि तो सहज मिळत नाही. आठवणीतून गावं उरली, डोंगर गळले. ते डोंगर, तिथले झरे, तिथली झुडपं पक्ष्यांच्या या जुन्या नोंदींत सापडतात. निर्वासितांचा इतिहास लिहिताना आपण घरं, दुकानं, जमिनी मोजतो. मागे राहिलेल्या रानाची यादीही त्यात हवी. सुरुवात सोपी आहे: ट्रम्पेटर फिंचचा आवाज फोनवर शोधा आणि घरातल्या म्हाताऱ्या माणसांना ऐकवा. कुणाला तो ओळखीचा वाटलाच, तर पुढचं त्यांच्याकडून लिहून घ्या.